धनीबाईचे चारशे अडुसष्ट गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला सागपाड्यात धनीबाई दोन ठिकाणी असायची. एक धनीबाई घरात चुलीपुढे भाकरी थापत असायची, आणि दुसरी फाट्यावर अभिमनच्या चहाच्या टपरीतल्या रेडिओतून, पावरी बोलीत, बकऱ्या कशा सांभाळाव्यात ते सांगत असायची. रेडिओतली धनीबाई नऊ वर्षांनी लहान होती. तिचा आवाज खणखणीत होता, तिची कबरी बकरी जिवंत होती आणि तिची मुलगी रोशनी दुसरीत होती.

खरी रोशनी अकरावीत चोपड्याच्या कॉलेजात जात होती. गुरुवारी ती एसटीतून फाट्यावर उतरायची नेमकी त्याच वेळी टपरीतून तिची आई सगळ्या मुलखाला सांगत असायची, की माझी रोशनी दुसरीला आहे, शाळेतून आली की तीच बकऱ्यांना पाला टाकते. टपरीवरचे लोक वळून तिच्याकडे बघायचे आणि एखादा विचारायचा, काय गं, यंदा तरी तिसरीत घालणार का तुला? रोशनी मान खाली घालून भराभर घरी यायची आणि आईवर राग काढायची. धनीबाई म्हणायची, मी काय करू, ती बाई माझं ऐकते का?

ही दुसरी धनीबाई जन्माला आली तो दिवस सागपाड्यात सगळ्यांच्या लक्षात होता, कारण त्या दिवशी पहिल्यांदा राष्ट्रवाणीची जीप पाड्यात आली होती. राष्ट्रवाणी म्हणजे साऱ्या देशाचा सरकारी रेडिओ. तिचा खर्च संसद मंजूर करते आणि तो कुठे गेला हेही संसदच विचारते. या राष्ट्रवाणीचं एक केंद्र चोपड्याहून अमळनेरकडे जाताना तापी ओलांडली की लागतं. तिथले कार्यक्रम अधिकारी तोताराम महाजन हे तेव्हा काळ्याभोर केसांचे आणि उत्साहाने भरलेले गृहस्थ होते. दिल्लीहून हुकूम आला होता, की डोंगरातल्या बोलींचे कार्यक्रम त्या बोली बोलणाऱ्यांच्याच तोंडून व्हावेत. त्यासाठी वेगळा निधीही आला होता. कार्यक्रमाचं नावही दिल्लीहूनच ठरून आलं होतं, 'आपला डोंगर, आपली बोली'. फक्त बोलणारं माणूस शोधायचं बाकी होतं.

महाजन साहेब आले होते सरपंचासाठी, पण सरपंच लग्नाला गेला होता. बायांनी मग धनीबाईला पुढे केलं. तिने बचत गटातून तीन दिवसांचं शेळीपालनाचं शिक्षण घेतलं होतं आणि त्याचा कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. साहेबांनी तिला मोहाच्या झाडाखाली बसवलं, तोंडापुढे माइक धरला आणि म्हणाले, बोला. कोणाशी, असं तिने विचारलं. यालाच सांगा, म्हणाले. त्या काळ्या दांड्याशी बोलायला तिला काही जमेना. शेवटी तिने नवऱ्याला, सुकलालला, समोर बसायला लावलं आणि सगळं त्यालाच सांगितलं. बकरीचं पोट फुगलं तर काय करायचं, पिल्लू अंगावर पीत नसेल तर काय करायचं, आणि पावसाळ्याआधी लस टोचून घ्यायला मंगळवारी फाट्यावर सरपंचाच्या ओट्यावर यायचं, तिथे डॉक्टर येतो. मध्येच कबरी ओरडली. साहेब खूश झाले, म्हणाले, असा आवाज स्टुडिओत मिळत नाही. अठ्ठावीस मिनिटं झाल्यावर सुकलाल, ज्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, हां, खरं आहे. तेही त्यात राहिलं.

असे तेरा भाग करायचे आहेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो, असं सांगून साहेब गेले. पाच महिन्यांनी मानधनाचा चेक आला. जीप काही आली नाही.

पहिल्या गुरुवारी अख्खा पाडा टपरीसमोर गोळा झाला. दुसऱ्या गुरुवारी तेच पुन्हा लागलं, तेव्हा लोकांना वाटलं, कोणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून लावलं असेल. तिसऱ्या गुरुवारी अभिमन म्हणाला की धनीबाई फार चांगली बोलली म्हणून दिल्लीने पुन्हा मागवलं. वर्षभराने कोणी काही म्हणेनासं झालं. पोरांना सगळं पाठ झालं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका पोराने धनीबाई होऊन दाखवलं, दुसरा बकरी झाला, आणि सगळ्यात जास्त टाळ्या 'हां, खरं आहे' म्हणणाऱ्या तिसऱ्याला मिळाल्या. सुकलालला बाजारात लोक याच तीन शब्दांनी हाक मारू लागले. त्याला ते वाईट वाटत नव्हतं. पाड्यातल्या दुसऱ्या कोणा पुरुषाचं एवढंसं बोलणंही रेडिओवर आलं नव्हतं.

धनीबाईलाही सुरुवातीला बरं वाटायचं. पुढे पुढे मात्र तिला त्या बाईचा हेवा वाटू लागला. कबरी तिसऱ्या वर्षी साप चावून मेली, रेडिओतली अजून ओरडत होती. धनीबाईचे दोन दात पडले, त्या बाईचे शाबूत होते. आणि ती बाई बोलली की लोक गप्प बसून ऐकायचे, जे धनीबाईला पाड्याच्या बैठकीत कधी जमलं नव्हतं.

आठ वर्षं असं चाललं आणि नवव्या वर्षीच्या मे महिन्यात भिकुबाई आली.

भिकुबाई कुंड्यापाणी नावाच्या पाड्यावरची. हा पाडा सागपाड्याच्या वर, डोंगरात आठ किलोमीटर आत. तिथे मोबाइलला रेंज नाही, पण रेडिओ लागतो. भिकुबाईला नवरा नव्हता, आठ बकऱ्या होत्या. त्या वर्षी कधी नव्हे तो तिने शेजाऱ्याच्या रेडिओवर कार्यक्रम ऐकला आणि मंगळवारी पहाटे आठही बकऱ्या हाकत फाट्यावर आली. सरपंचाच्या ओट्यावर आता मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. डॉक्टरचं येणं पाच वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. जनावरांचा दवाखाना दुसऱ्या गावी, पंधरा किलोमीटरवर गेला होता. भिकुबाई दुपारपर्यंत दुकानाच्या सावलीत थांबली आणि भर उन्हात परत निघाली. तीन बकऱ्या वाटेत गेल्या. त्यातली एक गाभण होती.

दुसऱ्या दिवशी ती धनीबाईच्या दारात उभी राहिली. ओरडली नाही, शिवीही दिली नाही. तिने एवढंच विचारलं, "तूच सांगितलं होतंस ना, मंगळवारी या म्हणून?"

धनीबाईने सांगायचा प्रयत्न केला, की ते आत्ताचं नाही, जुनं आहे, आठ वर्षांपूर्वीचं. भिकुबाई म्हणाली, "मी गेल्या गुरुवारी ऐकलं." धनीबाईने तिला भाकरी दिली. तिने खाल्ली नाही. पाणी पिऊन निघून गेली.

राष्ट्रवाणीला इतक्या वर्षांत हिशोब विचारणारं असं एकच माणूस निघालं, आणि तेही चुकीच्या दारात येऊन विचारून गेलं. पण धनीबाईला ते दार चुकीचं वाटलं नाही. आवाज तिचा होता. तीन रात्री तिला नीट झोप लागली नाही, आणि जूनमध्ये पेरणी आटोपताच ती रोशनीला घेऊन एसटीने चोपड्याला, तिथून दुसऱ्या गाडीने तापीपलीकडे केंद्रावर गेली.

महाजन साहेबांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही, पण ती बोलू लागताच पटकन वर बघितलं. आवाज ते कसा विसरतील? दर गुरुवारी तो लावायचं काम त्यांचंच होतं. केंद्रात पूर्वी बावीस माणसं होती, आता चार उरली होती, आणि त्यातला एक वॉचमन होता.

धनीबाईचं मराठी बाजारात शिकलेलं, खानदेशी वळणाचं. ती म्हणाली, "साहेब, मी एकच दाव बोलनू. ती बात आते खोटी पडी गयी. मंगळवारनं सांगणं बंद करा, नहीते माले परत बोलू द्या."

साहेबांनी तिला चहा मागवला आणि फार प्रेमाने समजावून सांगितलं. कार्यक्रम बंद करता येत नाही, कारण तो दिल्लीच्या वेळापत्रकात आहे. नवीन रेकॉर्डिंग करायचं तर प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि प्रस्तावाला निधी लागतो. बोलीभाषांचा निधी दरवर्षी येतो, नाही असं नाही, पण तो दरवर्षी पूर्ण खर्च होतो.

कशावर, असं रोशनीने विचारलं.

"तुमच्या आईच्या कार्यक्रमावर," साहेब म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

त्यांनी मग कपाटातून फाइल काढली. ती लपवायची बुद्धी त्यांना का झाली नाही, हे रोशनीला पुढेही कधी समजलं नाही. बहुधा इतक्या वर्षांत ती बघायला मागणारं कोणी आलंच नव्हतं. फाइलमध्ये वर्षाचे बावन्न भाग नावासकट लिहिलेले होते. शेळी, एक परिचय. शेळीचा उन्हाळी आहार. शेळी आणि महिला सबलीकरण. शेळीपालनातील आधुनिक दृष्टिकोन, भाग एक ते सहा. प्रत्येकापुढे लिहिलं होतं, 'सादरकर्ती : श्रीमती धनीबाई पावरा व सहकारी'. रोशनी वाचून दाखवत गेली. सहकारी कोण, असं आईने विचारलं. रोशनी म्हणाली, बाबा आणि कबरी असतील.

पैसे साहेबांनी खाल्ले होते का? नाही. ते खाल्ले असते तर सांगायला गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी धनीबाईला हाताने वर दाखवलं. स्टुडिओचं छत नवीन होतं, पत्रे चकचकीत होते. आठ वर्षांपूर्वी ते गळत होतं, मशीनवर पाणी पडत होतं, आणि इमारत या सदरात दिल्लीहून एक पैसा येत नव्हता. बोली या सदरात मात्र येत होता. मग छत पावरी बोलीतून दुरुस्त झालं. जनरेटरचं डिझेल पावरीतून आलं, कुंपणाची तार पावरीतून आली, आणि मागच्या वर्षी विहिरीवर मोटर बसली तीही पावरीतूनच. वर्षाअखेर खर्चाचा दाखला पाठवावा लागतो, त्यात भागांची यादी जोडावी लागते, म्हणून यादी. दाखला पाठवला की पुढचा हप्ता येतो. "केंद्र बंद पडू दिलं नाही, धनीबाई," साहेब म्हणाले, "एवढं केलं मी." त्यात थोडा अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

धनीबाई त्या पत्र्यांकडे बघत बसली. तिला आपल्या घराचं छत आठवलं, पण ते ती बोलली नाही. तिने भिकुबाईच्या तीन बकऱ्यांचं सांगितलं. प्रस्ताव पाठवून बघतो, म्हणाले. परतीच्या एसटीत रोशनी म्हणाली की ते काही पाठवणार नाहीत. धनीबाईलाही तसंच वाटत होतं.

डिसेंबरात महाजन साहेबांची जीप दुसऱ्यांदा सागपाड्यात आली. दिल्लीत संसदेच्या एका समितीने राष्ट्रवाणीला विचारलं होतं, की लहान बोलींसाठी दिलेल्या पैशाचं काय झालं. राष्ट्रवाणीने तक्ता पाठवला होता. त्यात पावरीच्या ओळीत लिहिलं होतं, चारशे अडुसष्ट भाग, अखंड. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच बोलीचा आकडा याच्या जवळपासही नव्हता. समिती इतकी प्रभावित झाली, की अभ्यास दौऱ्यात तिने जळगाव घेतलं. लेणी जवळ असल्याचाही त्यात वाटा असेल. आणि समितीला त्या सादरकर्तीला प्रत्यक्ष भेटायचं होतं.

साहेबांनी साडी आणली होती. ती पेटीवर ठेवून ते खाटेवर बसले आणि म्हणाले, तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाही. फक्त म्हणायचं, मी नऊ वर्षांपासून दर गुरुवारी रेडिओवर बोलते. हे खरंच आहे की नाही? धनीबाईने विचार केला. एका अर्थी खरंच होतं. समिती गेली की नवीन रेकॉर्डिंग नक्की, मंगळवारची दुरुस्ती नक्की, असं साहेबांनी वचन दिलं. सुकलाल शेजारी बसला होता, पण त्याने नेहमीचे तीन शब्द या वेळी काही काढले नाहीत.

बैठक जळगावला एका सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये होती. नऊ खासदार येणार होते, पाच आले. आदल्या दिवशी त्यांनी लेणी पाहिली होती. बैठकीला दीड तास दिला होता आणि नंतर भरीत-पुरीचं जेवण होतं. वांगी भाजल्याचा वास अकरा वाजल्यापासूनच हॉलमध्ये येत होता. दिल्लीहून आलेल्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर सातपुड्याचा नकाशा दाखवला. सगळा डोंगर हिरवा रंगवला होता, आणि हिरवं म्हणजे आवाज पोचलेला. त्या हिरव्यात कुंड्यापाणी कुठे आहे ते धनीबाई शोधत राहिली, पण पाड्यांची नावं त्यावर नव्हती.

मग तिला पुढे बोलावलं. तिच्यापुढे माइक होता. आता माइकची भीती तिला राहिली नव्हती. तिच्या डाव्या हाताला महाजन साहेब दुभाषे म्हणून बसले, कारण कार्यक्रम पावरीत असेल तर कलाकारानेही पावरीतच बोलावं, असं दिल्लीच्या साहेबांनी ठरवलं होतं. रोशनी भिंतीशी उभी होती. नऊ वर्षांत आपल्याला बोली बरीच समजू लागली आहे, असं महाजन साहेबांनी कळवलं होतं. ते खरं होतं. निदान अठ्ठावीस मिनिटांपुरती त्यांना ती अक्षरशः तोंडपाठ होती.

सुरुवात छान झाली. ती म्हणाली, मी नऊ वर्षांपासून दर गुरुवारी रेडिओवर बोलते. साहेबांनी सांगितलं. खासदारांनी बाकं वाजवली. त्यांच्यात एक दक्षिणेकडच्या बाई होत्या. त्यांच्यापुढे ताज्या भागाचं, म्हणजे चारशे अडुसष्टाव्या भागाचं, इंग्रजी भाषांतर टाइप करून ठेवलं होतं. त्या ते खरंच वाचत होत्या. अशा बैठकीत कोणी कागद वाचेल, हे तो ठेवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. बाईंना त्यातली मुलगी आवडली होती. त्यांनी हसून विचारलं, तुमची छोटी रोशनी कुठे आहे? तिलाही आणायचं होतं.

धनीबाईने भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईंनी रोशनीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा रोशनीकडे पाहिलं. मग हिंदीत विचारलं, बेटी, कितवीत आहेस?

"अकरावी, सायन्स," रोशनी म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न तिला कोणी सरळ विचारला होता.

दिल्लीचे साहेब म्हणाले की टायपिंगची चूक असावी. बाईंच्या पलीकडे एक वयस्कर खासदार बसले होते. ते सातपुड्याच्या पलीकडचे, मध्य प्रदेशातले, स्वतः आदिवासी घरातले. आतापर्यंत ते डोळे मिटून होते. त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या घरच्या बोलीत धनीबाईला विचारलं, की बाई, हे तू किती वेळा बोललीस? त्यांची बोली पावरीची सख्खी बहीण. धनीबाईला शब्दन् शब्द कळला. दिल्लीहून आलेल्या माणसाने तिच्या भाषेत काही विचारण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती. ठरवून आणलेलं सगळं ती त्यामुळे विसरून गेली.

"एकदा," ती म्हणाली.

खासदारांना कळलं होतं, पण नियमाप्रमाणे ते नोंदीत यायला हवं होतं. ते महाजन साहेबांना म्हणाले, भाषांतर करा.

महाजन साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. दिल्लीचे साहेब त्यांच्याकडे बघत होते. एक शब्द इकडचा तिकडे करणं अवघड नव्हतं. यादीत त्यांनी एका भागाचे चारशे अडुसष्ट केलेच होते. पण कागदावर आकडा लिहिणं वेगळं, आणि ती बाई शेजारी बसलेली असताना तिच्या तोंडचं बदलून सांगणं वेगळं. त्यांना ते जमलं नाही.

"त्या म्हणतात, एकदाच," ते म्हणाले. "बाकीच्या सगळ्या वेळा मी लावलं."

दिल्लीच्या साहेबांनी जागेवर परत जायची खूण केली, पण धनीबाई उठली नाही. माइक तिच्यापुढे चालू होता, आणि नऊ वर्षं ती त्याचीच वाट बघत होती. ती पावरीत बोलू लागली. मंगळवारी सरपंचाच्या ओट्यावर जाऊ नका. डॉक्टर आता तिथे येत नाही. दवाखाना दुसऱ्या गावी गेला आहे, तिथे सोमवारी आणि शुक्रवारी लस मिळते. उन्हात बकऱ्या हाकू नका, गाभण बकरी तर मुळीच नेऊ नका. कबरी मेली आहे. रोशनी अकरावीत आहे. भिकुबाईच्या तीन बकऱ्या माझ्या बोलण्याने गेल्या. ती आठ मिनिटं बोलली. कोणी अडवलं नाही. वयस्कर खासदार मान हलवत ऐकत होते आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या कुठल्याशा पाड्यातल्या बकऱ्या आठवत असल्यासारखे दिसत होते.

जेवणाच्या वेळी महाजन साहेब बाहेर पायरीवर बसले होते. धनीबाईने भरिताची एक ताटली नेऊन त्यांच्या हातात दिली. तिला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "तुमचं सगळं टेप झालं आहे, धनीबाई. संसदेची नोंद आहे ती. कायम राहते, कोणाला पुसता येत नाही."

"कुंड्यापाणीले ऐकू यी का?" तिने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले.

पुढच्या ऑगस्टात समितीचा अहवाल आला. रोशनी आता बारावीला होती, तिने तो मोबाइलवर शोधून काढला आणि आईला मराठी करून वाचून दाखवला. एका परिच्छेदात लिहिलं होतं, की एका आदिवासी महिला कलाकाराच्या निर्भीड साक्षीमुळे ही बाब उघडकीस आली, आणि समिती याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त करते. निर्भीड म्हणजे काय, धनीबाईने विचारलं. न घाबरणारी, रोशनी म्हणाली. धनीबाईला हसू आलं. त्या दिवशी हॉलमध्ये ती सगळा वेळ टेबलावरचं कापड मुठीत घट्ट धरून बसली होती.

अहवालावर राष्ट्रवाणीने तत्परतेने कारवाई केली. समितीला कळवलं, की शिफारस पूर्णपणे मान्य आहे, आणि सदर कार्यक्रम तात्काळ बंद करण्यात आला आहे. बोलीच्या निधीचा दुरुपयोग यापुढे होऊ नये म्हणून तो निधीच यंदापासून मागितलेला नाही. समितीने उत्तरावर समाधान नोंदवलं. महाजन साहेबांची बदली झाली, फार लांब, समुद्राकाठच्या कुठल्याशा केंद्रावर. जाण्याआधी त्यांनी रोशनीला फोन करून आईला नमस्कार सांगितला, आणि तिकडे म्हणे कोळ्यांची एक बोली आहे, असंही सांगितलं.

गुरुवारी साडेसहाला आता शहनाई लागू लागली. सागपाड्यात याचं स्वागत कोणी केलं नाही. अभिमनने टपरीवरून धनीबाईला ऐकवलं, की गुरुवारचं गिऱ्हाईक तुटलं, गप्प बसली असतीस तर काय बिघडत होतं? पोरं हिरमुसली. सुकलाल बोलून दाखवत नव्हता, पण साडेसहाच्या सुमारास तो उगाच अंगणात येऊन उभा राहायचा. धनीबाईचा सासरा ठाकऱ्या दोन-तीन आठवडे शहनाई नीट कान देऊन ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, हा वाजवणाराही एकदाच वाजवून गेलेला दिसतो.

वयस्कर खासदारांनी मात्र एक गोष्ट केली होती, आणि ती कुठल्याच अहवालात आली नाही. त्यांनी जळगावहून निघण्याआधी पशुसंवर्धन खात्यातल्या एका अधिकाऱ्याला सांगितलं होतं, की त्या बाईला बकऱ्यांचं कळतं, तिला कुठे तरी कामावर घ्या. अधिकारी विसरून गेला, पण त्याने विसरण्याआधी ते दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबाईंना सांगितलं होतं. डॉक्टर मेघा चव्हाण एकट्या होत्या आणि त्यांच्या हद्दीत एकतीस पाडे होते. त्यांनी धनीबाईला बोलावून घेतलं. लसीकरणाच्या दिवसांत सोबत यायचं, पाड्यात आधी जाऊन सांगायचं, जनावर धरायचं, नोंद रोशनीने सुट्टीत येऊन लिहायची. रोजावर काम होतं, तेही हंगामापुरतं.

धनीबाईने पहिला पाडा कुंड्यापाणी मागितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो तर सगळ्यात आत आहे. ती म्हणाली, म्हणून.

दोघी पहाटे निघाल्या. लसीचा बर्फाचा डबा धनीबाईच्या खांद्याला होता. आठ किलोमीटरची चढण, त्यात दोन ठिकाणी नाला. डॉक्टरबाई तीनदा बसल्या. पाड्यात पोचल्यावर लोक आधी जवळ आलेच नाहीत. लस टोचायला घरापर्यंत कोणी येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि एका म्हाताऱ्याने स्पष्टच विचारलं, रेडिओवर तर फाट्यावर या म्हणत होतीस, आता खरं कोणतं? धनीबाईने त्याला सगळं सांगितलं. तो पटलं असं म्हणाला नाही, पण जाऊन आपली बकरी घेऊन आला.

भिकुबाईचं घर पाड्याच्या टोकाला होतं. पाच बकऱ्यांच्या आता सहा झाल्या होत्या. तिने धनीबाईला पाहिलं आणि एकेक बकरी कान धरून पुढे आणत गेली. धनीबाई मागून धरायची, डॉक्टरबाई टोचायच्या. सहाव्या बकरीला टोचून झाल्यावर भिकुबाई बोलू लागली. त्या मंगळवारी वाटेत पहिली बकरी कुठे बसली, दुसरी कुठे, गाभण बकरी उचलून घ्यायचा तिने कसा प्रयत्न केला, कुठल्या झाडाखाली तिला ठेवून यावं लागलं. ते सगळं तिने तपशिलाने सांगितलं. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरबाईंना उशीर होत होता, अजून चौदा घरं बाकी होती. धनीबाईने त्यांना पुढच्या घराकडे पाठवलं, डबा खाली ठेवला आणि भिकुबाईसमोर जमिनीवर बसली.